नक्की ना?

घरात माझं कोणी ऐकत नाही, अशी माझी गेल्या चाळीस वर्षांची तक्रार आहे. ही तक्रारसुद्धा कोणी ऐकलेली नाही. मी ‘पंखा लावा’ म्हणतो तेव्हा खिडकी उघडली जाते. मी ‘आज पिठलं कर’ म्हणतो तेव्हा पानात दुधी येतो आणि पाठोपाठ ‘तुम्हाला पित्त होतं ना!’ असं त्याचं समर्थनही येतं. ‘मला त्या लग्नाला यायचं नाही’ असं स्वच्छ मराठीत सांगितलं की माझा झब्बा इस्त्रीला जातो. माझे शब्द लोकांच्या कानांपर्यंत पोचत नाहीत असं नाही. पोचतात, पण वाटेत कुठेतरी त्यांचा अर्थ लावला जातो, आणि माझ्या बोलण्याचा अर्थ लावण्याचा अधिकार माझ्याकडे नाही.

अशा माणसाला निवृत्तीनंतर एक आज्ञाधारक नोकर मिळाला तर त्याचं काय होईल? तेच माझं झालं. तो नोकर म्हणजे माझ्या जुन्या कॉम्प्युटरमधला काळा पडदा.

त्याचं असं झालं. चिरंजीवांनी टाकून द्यायला काढलेला एक लॅपटॉप माझ्या भाच्यानं उचलला, त्यात लिनक्स नावाची प्रणाली घातली आणि म्हणाला, “मामा, तुम्ही हा वापरा. फुकट आहे.” शेवटचा शब्द निर्णायक होता. मग त्यानं एक खिडकी उघडून दाखवली. काळीकुट्ट. वर ना चित्र, ना बटण. एका कोपऱ्यात डॉलरचं चिन्ह आणि त्याच्यापुढे लुकलुकणारा एक चौकोन. “इथे आज्ञा लिहायची आणि एंटर दाबायचं,” भाचा म्हणाला, “याला शेल म्हणतात.” आमच्या सोसायटीत बहुतेकांची मुलं अमेरिकेत आहेत आणि त्यांच्याकडे महिन्याला डॉलर येतात. माझ्याकडे ओळीला एक येतो.

ऑफिसात असताना १९८०च्या दशकाच्या अखेरीस असाच एक काळा पडदा आणि त्यावरची हिरवी अक्षरं मी पाहिली होती. तेव्हा त्याच्यापुढे बसायला वरिष्ठांची परवानगी लागे, आणि चप्पल बाहेर काढावी लागे. देवळात आणि त्या खोलीत फरक एवढाच, की देवळात गारवा नसे. आता तोच देव घरात आला होता, आणि मी गंजिफ्रॉकवर त्याच्यापुढे बसू शकत होतो.

आज्ञा शिकायला बसलो तर त्या सगळ्या अर्ध्यामुर्ध्या. फाइलींची यादी हवी तर ‘एलएस’. नक्कल करायची तर ‘सीपी’. हलवायची तर ‘एमव्ही’. पुसून टाकायची तर ‘आरएम’. मला वाटलं, पुण्याचा कोणीतरी असणार. शब्द असे तोलून-मापून दुसरं कोण वापरणार? पण नाही. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची या दोघांनी युनिक्स नावाची प्रणाली रचायला घेतली, तिच्यातून ही भाषा आली. तेव्हा पडदा नव्हता. टेलिटाइप नावाचं टाइपरायटरसारखं एक धूड असे. त्याची बटणं जोर लावून दाबावी लागत आणि ते सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं कागदावर खडखडत छापी. अशा यंत्रापुढे बसलेला माणूस पाल्हाळ लावत नाही. तार करताना शब्दागणिक पैसे पडत तेव्हा आपणही ‘आजी गंभीर ताबडतोब निघा’ एवढंच लिहीत होतो. आजी कशामुळे गंभीर, कधीपासून, हे सगळं घरी पोचल्यावर.

या भाषेचा दुसरा गुण तर मला फारच ओळखीचा वाटला. आज्ञा दिली आणि काम बिनबोभाट झालं, तर हा काळा पडदा काहीही बोलत नाही. ‘शाब्बास’ नाही, ‘झालं बरं का’ नाही. नुसता पुढचा डॉलर. बोलतो तो फक्त काही बिघडलं तरच. पहिल्यांदा मी गोंधळलो. हिला म्हटलं, “अगं, काम झालं की नाही तेच हा सांगत नाही.”

ही शेंगा सोलत होती. म्हणाली, “आमटी चांगली झाली तर तुम्ही तरी कुठे सांगता? मीठ कमी पडलं तरच आवाज येतो.”

पन्नास वर्षांहून जुन्या एका थोर अभियांत्रिकी तत्त्वाचं इतकं नेमकं विवरण मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

हळूहळू मला या पडद्याचा नाद लागला. लोक सकाळी पेपरातलं शब्दकोडं सोडवतात, मी आज्ञा सोडवू लागलो. ‘कॅल’ लिहिलं की चालू महिन्याचं कॅलेंडर उमटतं. तिथी नाही, एकादशी नाही, मागच्या पानावर पाककृती नाही. पण त्याला सन १७५२चा सप्टेंबर मागून बघा. दोन तारखेनंतर एकदम चौदा! मधले अकरा दिवस गायब. इंग्लंडनं त्या वर्षी जुनं कॅलेंडर सोडून नवं धरलं, तेव्हा हे दिवस गाळले होते. अडीचशे वर्षांपूर्वीचा हिशेबातला फरक हा पडदा आजही इमानानं दाखवतो. मी ते सोसायटीतल्या सगळ्यांना दाखवलं. दोघांनी ‘वा’ म्हटलं. एकानं विचारलं, “मग त्या अकरा दिवसांचा पगार?”

‘व्हीआय’ नावाचा एक एडिटरही मी उघडून पाहिला. १९७६ साली बिल जॉय यांनी तो लिहायला घेतला. आत शिरलो, पण बाहेर पडता येईना. अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरायचं ठाऊक होतं, बाहेर पडायचं नव्हतं, याचं लहानपणी मला फार वाईट वाटे. या वयात प्रत्यक्ष अनुभव आला. शेवटी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मामा, एस्केप दाबा, मग कोलन, मग क्यू, मग उद्गारचिन्ह.” उद्गार मी आधीच काढून झाले होते. पुढे मी दुसरा, जरा मवाळ एडिटर धरला. तो फाइल साठवताना आधीची प्रत नावामागे एक नागमोडी शेपटी लावून जपून ठेवतो. ही शेपटी ध्यानात ठेवा. पुढे ती पेटणार आहे.

एवढं झाल्यावर मला एक खरं काम सापडलं. माझ्या वडिलांच्या हिशेबाच्या वह्या. अकरा वह्या, एकेका वहीत दोन वर्षं; १९५५पासून १९७६पर्यंत. वडील शिक्षक. रोज रात्री जेवण झालं की कंदिलाशी, पुढे दिव्याखाली बसून दिवसाचा खर्च लिहीत. त्या वह्यांतलं सगळं एकेका वर्षाच्या एकेका फाइलीत मी टाइप करू लागलो. काळ्या पडद्यावर मराठीच्या वेलांट्या जरा सरकतात, काना कधीकधी शेजारच्या घरात जातो. पण वाचता येतं. चौदा महिने मी ते काम केलं.

आणि मग खरी मजा सुरू झाली. युनिक्समध्ये ‘ग्रेप’ नावाची आज्ञा आहे. ती सांगितलेला शब्द ज्या ज्या ओळीत असेल त्या ओळी शोधून आणते. आणि ‘पाइप’ आहे. कीबोर्डावरची एक उभी रेघ. डग मॅकिलरॉय यांना १९६४ सालीच सुचलं होतं, की बागेतल्या रबरी नळ्या जशा एकीला एक जोडतात, तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत. १९७३च्या सुमाराला ते युनिक्समध्ये आलं. एका आज्ञेतून जे निघेल ते दुसरीत ओतायचं, दुसरीतलं तिसरीत. बंब तापला की न्हाणीघरातली बादली जशी हातोहात पुढे जाते तसं. मी ‘चहा’ शोधला, पाइप लावून ओळी मोजल्या, आणि वडिलांनी बावीस वर्षांत बाहेर किती वेळा चहा घेतला ते एका क्षणात कळलं. आकडा सांगत नाही. ‘मी बाहेर कधी चहा घेत नाही’ असं ते आईला नेहमी सांगत.

१९५७ची फाइल माझी सगळ्यांत आवडती. त्या वर्षी १ एप्रिलला आणे जाऊन नये पैसे आले. रुपयाचे सोळा आणे होते, त्यांचे शंभर नये पैसे झाले. म्हणजे एका आण्याचे सव्वासहा. वडिलांनी कित्येक दिवस दोन्ही हिशेब शेजारी शेजारी लिहिले होते, आणि तो पाव पैसा कुठे जातो याचा शोध चालवला होता. आणि १९५८मध्ये माझ्या जन्माच्या दिवशी एकच ओळ होती: ‘दवाखाना १५ रु. पेढे २ रु. ५० न.पै.’ बस. ‘मुलगा झाला’ वगैरे काही नाही. काम बिनबोभाट झालं होतं. बोलायचं कारण नव्हतं.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. या पडद्यावर माझं प्रेम जडलं ते काही इतिहासामुळे नाही. ते जडलं ते यामुळे, की तो मला ‘नक्की ना?’ असं विचारत नाही.

निवृत्त माणसाला हा प्रश्न दिवसातून किती वेळा विचारला जातो याची तरुणांना कल्पना नाही. बँकेत पैसे भरायला निघालो, की चिरंजीव म्हणतात, “बाबा, खाते क्रमांक नीट पाहिलात ना? नक्की? राहू द्या, मी करतो मोबाइलवरून.” गॅस बंद केलात ना? गोळी घेतलीत ना? सकाळची की रात्रीची? नक्की? ज्या माणसानं तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले, त्याला स्वतःच्या कुलपाबद्दल साक्ष द्यावी लागते. मोबाइलही घरच्यांना सामील. एक फोटो पुसायचा तर विचारतो, ‘खरंच पुसायचा?’ पुसला, तर तो तीस दिवस कचऱ्याच्या टोपलीत जपून ठेवतो; न जाणो, म्हाताऱ्याचं मन बदललं तर!

आणि गंमत अशी, की इतक्या वेळा विचारलेला प्रश्न हा प्रश्नच राहत नाही. रस्त्यात भेटलेला माणूस ‘काय, कसं काय?’ म्हणतो तेव्हा त्याला आपली प्रकृती ऐकायची नसते. आपणही ‘ठीक’ म्हणून पुढे सरकतो. तसंच या ‘खरंच?’चं होतं. वाचायच्या आधीच बोट ‘हो’वर पडतं. पुढे चुकलं तर यंत्र म्हणायला मोकळं, ‘मी विचारलं होतं.’ म्हणजे तो प्रश्न माझ्या काळजीपोटी नसतोच, यंत्राच्या सुटकेसाठी असतो. विचारणारा सुटला, उत्तर देणाऱ्यानं प्रश्न वाचलाच नाही, आणि जबाबदारी दोघांच्या मधून खाली पडली.

काळ्या पडद्याची रीत निराळी. ‘आरएम’ म्हटलं की तो पुसतो. टोपली नाही, तीस दिवस नाहीत, ‘खरंच?’ नाही. तो गृहीत धरतो की समोर बसलेला माणूस शहाणा आहे आणि त्यानं जे लिहिलं तेच त्याला म्हणायचं आहे. मला इतक्या सन्मानानं शेवटचं कोणी वागवलं ते आठवत नाही. सर्वाधिकार वापरण्याची ‘सुडो’ म्हणून एक आज्ञा आहे, १९८०च्या सुमारास बफेलोच्या विद्यापीठात जन्मलेली. ती पहिल्यांदा वापरली तेव्हा मात्र त्यानं थोडक्यात उपदेश केला: दुसऱ्याच्या खासगीत डोकावू नका, टाइप करण्याआधी विचार करा, मोठ्या अधिकाराबरोबर मोठी जबाबदारी येते. एस. टी.त ‘हात बाहेर काढू नये’ लिहिलेलं असतं, ते आपण जसं वाचतो, तसं मी ते वाचलं.

वह्या टाइप करून झाल्या, आणि दिवाळीची साफसफाई निघाली. त्या अकरा वह्यांचं काय करायचं असा प्रश्न आला. कसर लागली होती, पानं गळत होती. मी ताठ्यात म्हटलं, “रद्दीत दे. सगळं कॉम्प्युटरवर आहे.”

“नक्की ना?” ही म्हणाली.

झालं! तोच प्रश्न. माझा पारा चढला. “एकदा सांगितलं ना! या घरात एक वाक्य पहिल्यांदा ऐकलं जात नाही. तो बघ, तो कॉम्प्युटर. त्याला एकदा सांगितलं की झालं.”

ही काही बोलली नाही. वह्या उचलून आत घेऊन गेली. मी समाधान पावलो. चाळीस वर्षांत प्रथमच माझी आज्ञा पाळली गेली होती.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांची गोष्ट. एका रात्री मी हिशेबाच्या फोल्डरमध्ये बसलो होतो. त्या नागमोडी शेपट्यांच्या जुन्या प्रतींनी यादी भरून गेली होती. ठरवलं, त्या काढून टाकू. आज्ञा सोपी. ‘आरएम’, मग चांदणी, म्हणजे ‘नाव कोणतंही असो’, आणि तिला चिकटून नागमोडी चिन्ह, म्हणजे ‘शेवटी शेपटी असलेल्या’. मी लिहिलं. फक्त चांदणी आणि शेपटी यांच्यामध्ये चुकून एक मोकळी जागा पडली. मराठीत आपण शब्दांमध्ये जागा सोडतोच. हात सवयीनं गेला. एंटर दाबलं.

त्या एका मोकळ्या जागेनं एका आज्ञेच्या दोन झाल्या. पहिली: या फोल्डरमधलं सगळं पुसून टाक. दुसरी: सुटी नागमोडी म्हणजे माझं घर, म्हणजे मुख्य फोल्डर, तेही पुसून टाक. पडद्यानं पहिलं काम मुकाट्यानं केलं. दुसऱ्याबद्दल एक ओळ छापली, की हा फोल्डर आहे, मला काढता येत नाही. सबंध वाडा जाळून झाल्यावर फाटक निघत नाही म्हणून तक्रार करावी, तशी.

मी यादी मागितली. ‘एलएस’. काहीच आलं नाही. नुसता डॉलर.

बावीस वर्षं गेली. जपून ठेवलेल्या जुन्या प्रतीही गेल्या, कारण त्याही त्याच फोल्डरमध्ये होत्या आणि चांदणीला शेपटीवाले-बिनशेपटीवाले सारखेच. घराची दुसरी किल्ली हरवू नये म्हणून ती घरातच ठेवून बाहेरून कुलूप घालावं, तसं माझं झालं होतं. भाच्याला फोन केला. त्यानं विचारलं, “दुसरीकडे बॅकअप?” मी गप्प. तो म्हणाला, “वरचा बाण दाबून बघा, नक्की काय लिहिलं होतंत.” शेल आपण दिलेली प्रत्येक आज्ञा लिहून ठेवतो. मी बाण दाबला. माझं वाक्य जसंच्या तसं समोर आलं, मधल्या मोकळ्या जागेसकट. दुसऱ्या कोणावर ढकलायला काही जागाच नव्हती. जी होती, तिनंच घात केला होता.

त्या रात्री झोप लागली नाही. आणि आमच्याकडे झोप लागली नाही की इतिहास आठवतो. मला ‘ध’चा ‘मा’ आठवला. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा. राघोबांनी गारद्यांना नारायणरावांना ‘धरावे’ असं लिहून दिलं, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, आणि गारद्यांनी अठरा वर्षांच्या पेशव्याला मारलं, अशी ती गोष्ट. इतिहासकार या ‘ध’ आणि ‘मा’ला मान डोलावतीलच असं नाही, पण मराठी माणसाला ती पाठ आहे, आणि तिच्यात एका अक्षराचा अपराध केवढा ते आहे. माझा तर अक्षराचाही नव्हता. नुसत्या मोकळ्या जागेचा होता.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना मी आनंदीबाईंवर चिडत असे. त्या रात्री प्रथमच मला गारद्यांचा विचार सुचला. समजा, ती गोष्ट खरी आहे. कागद हातात आला. त्यावर लिहिलंय, ‘मारावे’. समोर एक पोरसवदा मुलगा काकांना मिठी मारून ‘वाचवा’ म्हणून आक्रोश करतोय. त्या गारद्यांपैकी एकाला तरी विचारता आलं नसतं का, की दादासाहेब, नक्की ना? ते आज्ञाधारक होते. जे लिहिलं होतं तेच त्यांनी केलं. वाक्याचा अर्थ लावत बसले नाहीत. आणि म्हणूनच अडीचशे वर्षं कोणी त्यांचं नाव प्रेमानं घेत नाही. रामशास्त्र्यांनी पुढे राघोबांना दोषी धरलं. ते योग्यच, आज्ञा देणारा सुटता कामा नये. पण आज्ञा पाळणारा माणूस होता, हेही काही सुटत नाही.

तिथे मला माझ्या सुखाचा घोटाळा दिसला. यंत्रानं विचारू नये, हे माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही. त्यानं जे सांगितलं ते करावं, कारण मग चूक अख्खीच्या अख्खी माझी राहते आणि तिची वाटणी होत नाही. पण यंत्राचा हा गुण मी माणसांत शोधायला लागलो होतो. घरातल्यांनी एका वाक्यात ऐकावं, अर्थ लावू नये, प्रश्न विचारू नये. म्हणजे मला बायको-मुलगा नको होते, गारदी हवे होते. आणि चाळीस वर्षांत ते मिळाले नाहीत म्हणून मी स्वतःला दुर्दैवी समजत होतो.

सकाळी चहाच्या वेळी मी हिला सगळं सांगितलं. म्हटलं, “बावीस वर्षं माझ्या हातानं गेली. आणि वह्या मीच रद्दीत द्यायला लावल्या.”

हिनं कप खाली ठेवला. म्हणाली, “स्टूल धरा.”

माळ्यावर, पितळेच्या घंगाळ्यामागे, जुन्या चादरीत बांधलेलं गाठोडं होतं. वह्या.

“तुला रद्दीत द्यायला सांगितलं होतं!” मी म्हटलं. सवयीनं.

“सांगितलं होतंत,” ही म्हणाली, “पण तुम्हाला तसं म्हणायचं नव्हतं.”

अकरापैकी दोन मात्र वाळवीनं खाल्ल्या होत्या. माळ्यावर त्या मी पाठवल्या नसत्या तर खाल्ल्या नसत्या, हा हिशेबही माझ्याच नावावर. त्या दोघींतली एक १९५७-५८ची. आणे आणि नये पैसे शेजारी शेजारी असलेली. माझ्या जन्माची ओळ असलेली. ती ओळ आता कुठल्याही कागदावर नाही आणि कुठल्याही फाइलीत नाही. ती फक्त माझ्या डोक्यात आहे, आणि त्या डोक्यावर या घरात कोणाचा भरवसा नाही.

उरलेल्या नऊ वह्या मी पुन्हा टाइप करायला घेतल्या. पहिल्यांदा टाइप करताना मला आकडे उरकायचे होते. दुसऱ्यांदा मी वाचत बसलो. तेव्हा एक गोष्ट दिसली. दर महिन्याच्या दहा तारखेला ‘किरकोळ ५ रु.’ अशी एक नोंद होती. ती मी पूर्वीही टाइप केली होती. ग्रेप करून मोजलीही होती, आणि वडिलांना दहा तारखेला कसला चैनीचा झटका येतो म्हणून हसलोही होतो. पण समासात, पेन्सिलीनं, अगदी बारीक ‘शं.’ लिहिलेलं होतं. ते मी टाइप केलं नव्हतं, कारण तो आकडा नव्हता. शं. म्हणजे शंकर. आमच्याकडे गुरुवारी वार लावून जेवायला येणारा मुलगा. त्याची फी कोण भरतं हे आम्हा भावंडांना कधी कळलं नाही. वडील कधी बोलले नाहीत. मी फाइलीत ते ‘शं.’ घातलं आणि त्या दिवशी पुढे काही टाइप केलं नाही.

काळा पडदा मी सोडलेला नाही. रोज सकाळी बसतो. फाइलींची एक प्रत आता पेन ड्राइव्हवर असते आणि तो पेन ड्राइव्ह भाच्याकडे असतो. ‘आरएम’च्या पुढे आडवी रेघ आणि ‘आय’ लिहिलं तर तोही प्रत्येक फाइलीपाशी थांबून विचारतो, हे मला भाच्यानं दाखवलं. मी ते कायमचं लावून घेतलं नाही; रोज विचारायला लागला की मी पुन्हा न वाचता ‘हो’ म्हणायला लागेन. त्याऐवजी मी एक नेम केला आहे. जे पुसायचं, त्यावर आधी ‘एलएस’ चालवायचं. चांदणी लावली तर तिच्यात कोण कोण येतं ते डोळ्यांनी पाहायचं, मग हात उचलायचा. यंत्राच्या बाबतीत ‘नक्की ना?’ हे मी मलाच विचारायचं, अशी वाटणी केली आहे.

माणसांच्या बाबतीत ते त्यांनी विचारायचं. चिरंजीव ‘गॅस बंद केलात ना?’ म्हणाले की मी आता रागावत नाही. उठतो, पाहून येतो आणि सांगतो. दहातून नऊ वेळा बंद असतो. फक्त एक अट मी घातली आहे: खुशाल विचार, दोनदा विचार, पण मी पाहून आल्यावर ‘हो’ म्हटलं, तर मग माझं मला करू दे. विचारणं ही माया झाली. विचारून झाल्यावरही हातातलं काढून घेणं हे निराळं काहीतरी आहे. चिरंजीवांनी मान डोलावली. अजून ‘राहू द्या, मी करतो’ तोंडात येतं त्यांच्या. पण आता ते अर्ध्यावर थांबतात.

परवा पुन्हा आवराआवर निघाली. वडिलांची आरामखुर्ची गॅलरीत पडून होती. कापड फाटलेलं, एक दांडी गायब, बसणारा सरळ जमिनीवर. मी म्हटलं, “देऊन टाक ही कुणाला तरी.”

“नक्की ना?” ही म्हणाली.

मी गॅलरीत गेलो. खुर्ची उलगडून पाहिली. पुन्हा मिटवून भिंतीशी नीट उभी केली, आत आलो आणि म्हटलं, “राहू दे.”

ही काही बोलली नाही. काम बिनबोभाट झालं होतं.